तीनशे रूम-नाइटचा करार: एका चाहता-संमेलनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका चाहता-संमेलनाचं आहे. विज्ञानकथा, कल्पनारम्य कथा, कॉमिक्स आणि खेळ यांच्या चाहत्यांचं संमेलन, शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, सातशेच्या आसपास सभासद. संमेलन, हॉटेल आणि माणसं ओळखू येतील असे सगळे तपशील काढले आहेत आणि आकडे मूळ प्रमाण राखून बदलले आहेत. त्या वर्षी कार्यक्रम विभाग माझ्याकडे होता.

समितीत आम्ही बारा जण होतो: अध्यक्ष, खजिनदार, नोंदणी, कार्यक्रम, पाहुणे, विक्रेत्यांचा हॉल, कलादालन, वेशभूषा स्पर्धा, तांत्रिक बाजू, सुरक्षा, स्वयंसेवकांची जुळवाजुळव आणि हॉटेल. मानधन कुणालाच नाही. वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या परंपरेप्रमाणे समितीतली माणसंही स्वतःचं सभासदत्व विकत घेतात. नोकरी आणि घर सांभाळून, रात्री नऊनंतर आणि सुट्टीच्या दिवशी सगळं काम चालतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे घडलं ते कुणाच्या आळसामुळे घडलं नाही. हॉटेल विभाग पाहणारा आमचा सहकारी त्या वर्षी सगळ्यांत जास्त तास काम करत होता.

आमचं जुनं हॉटेल नूतनीकरणासाठी बंद झालं होतं. म्हणून दीड वर्ष आधी एका मोठ्या हॉटेलशी करार झाला. जुन्या जागेत चार हॉल होते, इथे आठ मिळणार होते. हॉल वाढवून मागणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. कार्यक्रमांसाठी पाच दालनं मिळाली तर लेखनाच्या कार्यशाळा, अनुवादावरची चर्चासत्रं, नवोदितांची वाचनं असं वर्षानुवर्षं मागे पडलेलं सगळं बसवता येईल, असा माझा आग्रह होता.

करारात काय होतं

हॉटेलात भरणाऱ्या संमेलनाचा व्यवहार बाहेरच्याला सहसा दिसत नाही. हॉटेलला हॉलच्या भाड्यापेक्षा खोल्या भरण्यात रस असतो. म्हणून संमेलन ठरावीक खोल्या भरून देण्याची हमी घेतं आणि त्या बदल्यात हॉटेल सभासदांना सवलतीचा दर देतं, हॉल फुकट किंवा कमी भाड्यात देतं. अशा राखून ठेवलेल्या खोल्यांना ब्लॉक म्हणतात. मोजणी रूम-नाइटमध्ये होते: एक खोली, एक रात्र. त्या खोलीत चौघे झोपले तरी मोजणीत ती एकच.

आमचा ब्लॉक ३०० रूम-नाइटचा होता. गुरुवारी ५०, शुक्रवारी ११०, शनिवारी ११०, रविवारी ३०. ॲट्रिशनचं कलम ८० टक्क्यांचं होतं. म्हणजे चारही रात्रींची बेरीज २४० च्या खाली गेली, तर जितक्या कमी पडतील तितक्या खोल्यांचे पैसे आम्ही भरायचे. हॉलचं भाडंही याच टक्केवारीला बांधलेलं होतं. ८० टक्के किंवा त्याहून जास्त भरले तर भाडं माफ, ७० ते ८० मध्ये राहिलो तर पाव भाडं, त्याखाली गेलो तर निम्मं. दोन तारखा महत्त्वाच्या होत्या. संमेलनाच्या सहा महिने आधी एकदाच, दंड न भरता ब्लॉक २० टक्क्यांनी कमी करता येत होता. आणि चार आठवडे आधीच्या कट-ऑफला उरलेल्या खोल्या हॉटेलकडे परत जाऊन सवलतीचा दर संपत होता.

मोजणी प्रत्येक रात्रीची वेगळी न करता बेरजेवर ठेवून घेतली होती, ही त्या करारातली चांगली गोष्ट. गुरुवारची रात्र रिकामी राहिली तरी शनिवारची गर्दी ती भरून काढू शकत होती.

पण ३०० हा आकडा आला कुठून? आदल्या वर्षी जुन्या हॉटेलात आमच्या सभासदांनी प्रत्यक्षात १९० रूम-नाइट वापरल्या होत्या. नव्या हॉटेलने सांगितलं की आठ हॉल हवे असतील तर ३०० लागतील. आम्ही हॉल किती हवेत ते ठरवलं आणि त्याला जुळणारा खोल्यांचा आकडा मान्य केला. मोठी जागा मिळाली की माणसंही वाढतील, असं बैठकीत बोललं गेलं. आक्षेप कुणीच घेतला नाही, मीही नाही.

अडचण कशी समोर आली

संमेलनाला दहा आठवडे उरले असताना खजिनदारांना अनामतीच्या पुढच्या हप्त्याची तारीख हवी होती. हॉटेल विभागप्रमुख फोन उचलत नव्हता, म्हणून त्यांनी थेट हॉटेलला फोन केला. पलीकडच्या माणसाने बोलता बोलता विचारलं, "तुमचा पिकअप इतका कमी का आहे?" पिकअप म्हणजे ब्लॉकमधून प्रत्यक्ष बुक झालेल्या रूम-नाइट. तो आकडा ९६ होता.

त्या रात्री खजिनदारांनी हिशेब मांडला. शेवटी १५० पर्यंत पोचलो असं धरलं, तरी ९० रूम-नाइटचे पैसे आणि हॉलचं निम्मं भाडं अंगावर येत होतं. दोन्ही मिळून आमच्या राखीव निधीच्या दीडपट. आमची संस्था नोंदणीकृत होती, हे त्यातलं सुदैव. नोंदणी नसलेल्या गटाच्या बाबतीत अनेक देशांत असा करार सही करणाऱ्याच्या वैयक्तिक गळ्यात पडू शकतो.

हॉटेल विभागप्रमुखाला हे माहीत होतं का? होतं. सहा महिन्यांची तारीख त्याच्या लक्षात होती, पण ती आली तेव्हा नोंदणी नुकतीच सुरू झाली होती आणि आकडे पुढे वाढतील असं त्याला वाटलं. नंतर ते वाढले नाहीत. आम्ही जुनी इतिवृत्तं काढून पाहिली. आठही बैठकांत ‘हॉटेल’ हा विषय शेवटचा होता. पाचमध्ये त्यापुढे ‘वेळेअभावी पुढील बैठकीत’ असं लिहिलेलं होतं. उरलेल्या तीनमध्ये ‘काम सुरळीत’. त्याने मला नंतर सांगितलं की दोनदा तो बोलणार होता, पण रात्रीचे अकरा वाजले होते, सगळे दमले होते आणि आपण एकटेच वाईट बातमी घेऊन आलोय असं त्याला वाटलं.

स्वयंसेवी समितीत कुणाला कामावरून काढायची भीती नसते. भीती असते ती मित्रांना निराश करण्याची. माझ्या अनुभवात वाईट बातमी त्या भीतीने जास्त अडते. पगारी जागेवर निदान कुणीतरी वरिष्ठ अहवाल मागतो. आमच्यात प्रत्येकजण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला नको म्हणून विचारतच नव्हता. त्या न विचारण्याला आम्ही विश्वास म्हणत होतो.

कोणते पर्याय होते

तातडीच्या बैठकीत पहिला विषय संमेलन रद्द करण्याचा निघाला आणि लगेच मिटला. करारातला रद्द करण्याचा दंड तारीख जवळ येईल तसा वाढत जातो. दहा आठवड्यांवर तो खोल्यांच्या जवळजवळ पूर्ण रकमेइतका होता. शिवाय सभासदांना परतावा आणि पाहुण्यांची आधीच काढलेली तिकिटं होतीच.

दारावरच्या नोंदणीचा दर वाढवून तूट भरावी, असा दुसरा प्रस्ताव आला. खजिनदारांनी तो आकड्यांनी खोडला: दारावर येणारे साधारण शंभर, त्यांच्याकडून एवढी रक्कम काढायची तर दर तिप्पट करावा लागला असता. तिसरा प्रस्ताव हॉल परत करण्याचा. त्याने भाडं कमी झालं असतं, पण खोल्यांची हमी तशीच राहिली असती. हॉटेल दोन्ही एकत्र सोडवायला तयार झालं तरच त्याचा उपयोग होता.

उरल्या दोन वाटा, हॉटेलशी बोलणं आणि सभासदांशी बोलणं. पहिलीबद्दल दुमत नव्हतं. दुसरीवर आम्ही दोन रात्री भांडलो.

सभासदांना सांगायचं की नाही

अध्यक्षांचा विरोध होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. संमेलन अडचणीत असल्याची कुणकुण लागली की विक्रेते टेबलं सोडतात, सभासद परतावा मागतात, आणि नसलेली आपत्ती खरी होते. पहिल्या रात्री मी त्यांच्या बाजूने होते. माझ्या मनात पाच दालनांचं वेळापत्रक होतं आणि ते मोडू नये असं वाटत होतं.

मत बदललं ते नोंदणी विभागप्रमुखाच्या एका प्रश्नाने. ती म्हणाली, "आपण तिकिटं विकतो की सभासदत्व देतो?"

हा फरक या क्षेत्रात जुना आहे. १९३९ साली न्यू यॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं, तेव्हापासूनची ही परंपरा चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेली आहे. आजही दर वर्षी ते वेगळी समिती भरवते आणि पुढची जागा सभासद मतदानाने ठरवतात. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये कॉमिक मार्केट हा चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळावा सुरू झाला, ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं घेऊन. तिथलं तत्त्व असं की इथे ग्राहक कुणी नाही. टेबल लावणारा, विकत घेणारा, रांग लावणारा स्वयंसेवक, सगळे सहभागी. उलटं उदाहरणही सुरुवातीच्याच काळातलं आहे. त्याच १९३९ च्या वर्ल्डकॉनला आयोजकांनी सहा चाहत्यांना दारातूनच परत पाठवलं. मोजक्या लोकांनी घेतलेल्या त्या निर्णयाची चर्चा चाहत्यांच्या इतिहासात अजून होते.

आमच्या संस्थेच्या घटनेप्रमाणे सातशे जण सभासद होते, बोधचिन्हाखाली ‘सर्वांचं संमेलन’ असं छापलेलं होतं, आणि पैसे बुडायची वेळ आली तेव्हा आम्ही बारा जण दार लावून बसलो होतो. तिच्या प्रश्नानंतर मला दुसरी बाजू घेणं भाग पडलं. मतदान सात विरुद्ध पाच असं झालं. अध्यक्ष हरले, पण सभासदांना जाणारं पत्र त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

पत्र एका पानाचं होतं. करारात २४०, झाल्या ९६, कट-ऑफला सहा आठवडे. चूक समितीची आहे, हे दुसऱ्याच वाक्यात. मग तीन विनंत्या: मुक्काम करणारच असाल तर आमच्या दुव्यावरून बुक करा, याच हॉटेलात दुसरीकडून बुकिंग केलं असेल तर कळवा, आणि खोलीत जोडीदार हवा असेल तर यादीत नाव द्या. एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागितली नाही. रात्री घरी जाणाऱ्या सभासदांना ‘एक रात्र राहा, संमेलन वाचवा’ असं लिहावं, ही सूचना आली होती. ज्यांनी सभासदत्वाचे पैसेच महत्प्रयासाने जमवलेत त्यांच्यावर असा भावनिक दबाव आणणं बरोबर नव्हतं. तो परिच्छेद गाळला.

हॉटेलशी बोलणी

करारावर सही करणाऱ्या विक्री व्यवस्थापकाने हॉटेल कधीच सोडलं होतं. नव्या व्यवस्थापकाने शांतपणे ऐकून घेतलं. रिकाम्या खोल्यांचा दंड वसूल करण्यापेक्षा दर वर्षी येणारं गिऱ्हाईक त्यांनाही हवं होतं.

पहिल्या भेटीतच एक कारण उघड झालं. दीड वर्षापूर्वी ठरलेला आमचा ‘सवलतीचा’ दर आता बुकिंगच्या संकेतस्थळांवरच्या दरापेक्षा जास्त होता. सभासद हॉटेलात येत होते, पण आमच्या ब्लॉकबाहेरून. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. भर म्हणून आमच्या नोंदणीच्या पोचपावतीत बुकिंगचा दुवा तिसऱ्या परिच्छेदात दडलेला होता. तो वर घेतला. हॉटेलने दर बाजारभावाला आणला आणि आधी बुकिंग केलेल्यांनाही तोच लावला.

दुसरी मागणी होती बाहेरून झालेल्या बुकिंगचा आमच्या खात्यात समावेश करण्याची. तत्त्वतः होकार मिळाला. तिसरी, आमच्या न भरलेल्या खोल्या हॉटेलने इतरांना विकल्या तर तेवढी वजावट देण्याची. तिला नकार मिळाला. करारात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मग व्यवस्थापकाने एक प्रस्ताव ठेवला. दुसऱ्या एका गटाला शनिवारसाठी दोन दालनं हवी होती आणि तो गट ४० रूम-नाइटही घेणार होता. आम्ही दालनं सोडली तर आमचा ब्लॉक ४० ने कमी होईल. ३०० चे २६०, आणि २४० ची मर्यादा २०८ वर.

दोन्ही दालनं माझ्या विभागाची होती. शनिवारचे वीस कार्यक्रम. मी एक दिवस मागून घेतला. सात कार्यक्रम शुक्रवार संध्याकाळी आणि रविवार सकाळी हलवता आले, तेरा रद्द झाले. त्या तेरा जणांना मी एकेक करून फोन केला. एका नवोदित लेखिकेचं ते पहिलंच जाहीर वाचन होणार होतं. ती म्हणाली, "ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू." तिला इतकं समजूतदारपणे बोलावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

या सगळ्याच्या बदल्यात हॉटेलला पुढच्या वर्षाची सही हवी होती. आम्ही १८० च्या ब्लॉकवर ती दिली.

नावांच्या यादीचा प्रश्न

बाहेरून झालेली बुकिंगं मोजायची तर दोन याद्या ताडून पाहाव्या लागतात, आमची सभासदांची आणि हॉटेलची पाहुण्यांची. हॉटेलने आमची यादी मागितली. बहुतेक सगळे पाठवायला तयार होते, खजिनदारही. नोंदणी विभागप्रमुखाने ठाम नकार दिला. काही सभासद घरी किंवा कामाच्या ठिकाणी न सांगता येतात, काहींच्या बॅजवर कागदोपत्री नावापेक्षा वेगळं नाव असतं. ही माहिती आमच्याकडे विश्वासाने दिलेली होती, हॉटेलला द्यायला नव्हे.

तोडगा तिनेच काढला. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी स्वतःच आपला बुकिंग क्रमांक पाठवावा. त्या क्रमांकांची जुळणी कुणी केली? आमच्या हॉटेल विभागप्रमुखाने. त्याला बाजूला करावं असं दोघांचं म्हणणं होतं. आम्ही त्याला काढलं नाही, सोबतीला एक उपप्रमुख दिली आणि दर सोमवारी आकडा सगळ्यांना पाठवायचा असं ठरवलं. पुढचे सहा आठवडे त्याने एकही सोमवार चुकवला नाही. ४१ रूम-नाइटचे क्रमांक आले, हॉटेलने ३४ मान्य केले.

निकाल

कट-ऑफच्या दिवशी ब्लॉकमध्ये १७१ होत्या. ३४ धरून २०५. मर्यादेला तीन कमी. तीन रूम-नाइटचे पैसे आणि हॉलचं पाव भाडं भरलं. राखीव निधीचा साधारण चौथा हिस्सा गेला आणि पुढच्या वर्षाचं बीजभांडवल शाबूत राहिलं. पत्रानंतर दोन विक्रेत्यांनी टेबलं सोडली, ती प्रतीक्षायादीतून भरली. परतावा मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. समारोपाच्या खुल्या बैठकीत, जिथे सभासद तक्रारी मांडतात, करारावर पाऊण तास चर्चा झाली. त्यातून हॉटेल विभागाला दोन नवी माणसं मिळाली.

हॉटेल विभागप्रमुखाने संमेलनानंतर ते काम सोडलं. त्याने कारण सांगितलं नाही आणि आम्ही ते खोदून विचारलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत महाग पडली ती सहा महिन्यांची तारीख. त्या दिवशी एक पत्र पाठवून ब्लॉक २० टक्क्यांनी घटवला असता, तर तो २४० वर आणि मर्यादा १९२ वर आली असती. म्हणजे आमच्या २०५ रूम-नाइट पुरून उरल्या असत्या, भाडं माफ झालं असतं आणि ते तेरा कार्यक्रम झाले असते. ही तारीख एकाच माणसाच्या लक्षात होती. आता करारातल्या प्रत्येक तारखेला दोन नावं जोडलेली असतात, त्यातलं एक खजिनदारांचं.

ब्लॉक किती घ्यायचा याला मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष पिकअप हाच माझ्या मते एकमेव आधार आहे. नव्या जागेचा उत्साह त्यात धरू नये. हॉल कमी पडले तर कार्यक्रम विभागाने रडावं, ते सोसता येतं. दर बाजारभावाशी जुळता राहील, बाहेरची बुकिंगं मोजली जातील आणि पुन्हा विकलेल्या खोल्यांची वजावट मिळेल, ही तिन्ही कलमं सही करतानाच मागायची असतात. दीड वर्ष आधी हॉटेलला आपण हवे असतो, दहा आठवडे आधी आपल्याला हॉटेल हवं असतं.

पुढच्या वर्षाची सही आम्ही घाईत दिली. पुढचे अध्यक्ष तेव्हा निवडलेही गेले नव्हते. अजून न आलेल्या समितीला आम्ही एका हॉटेलशी बांधून टाकलं. १८० हा आकडा सुरक्षित होता म्हणून निभावलं, पण पुन्हा वेळ आली तर मी निदान सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळेपर्यंत मुदत मागेन.

आणि पत्र दहा आठवड्यांवर गेलं ते वीस आठवड्यांवर जायला हवं होतं. त्यासाठी बैठकीचा क्रम बदलला आहे. हॉटेल आता पहिला विषय असतो आणि विभागप्रमुखाने बोलण्याआधी पिकअपचा आकडा फळ्यावर लिहिलेला असतो. तो कमी असला तरी कुणी तोंडातून काढायची गरज उरत नाही. पुढच्या संमेलनाच्या पहिल्या बैठकीत तो २२ होता. मग विभागप्रमुखाने विचारलं, मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होता, आणि आमच्यापैकी कुणालाच ते सांगता आलं नाही, कारण मागच्या वर्षी कुणी लिहून ठेवलंच नव्हतं.